बोटभर शिपायाचा चेहरा

दिवाळीच्या किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मावळ्यांना आमच्याकडे 'चित्रं' म्हणतात. वसुबारसेच्या आधी आठ-दहा दिवस कुंभारवाड्यात ती फळ्यांवर ओळीने उभी असतात. महाराज, तोफवाला, भालदार, विहिरीवरची बाई, वाघ. वस्तू मातीची, साच्यातून काढलेली, चहूबाजूंनी भरीव. तिला मूर्ती म्हणावे, बाहुले म्हणावे. पण शब्द रूढ झाला तो चित्र. जणू मातीचा गोळा रंग लागेपर्यंत कोणीच नसतो. लहानपणापासून मी हा शब्द वापरत आलो. त्याच्यापाशी थबकलो मात्र पन्नाशी उलटल्यावर, आणि त्याला निमित्त झाला माझा भाचा.

चार वर्षांपूर्वी तो पुण्याहून साताऱ्याला आला तेव्हा बरोबर एक खोका होता. आत राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटी, त्यांना चिकटलेले हात, पाय, मुंडकी, तलवारी. हे तुकडे पात्याने सोडवायचे, जोडायचे, रंगवायचे आणि शनिवारी मित्रांबरोबर टेबलावर फौजा मांडून फाशांनी लढायचे. तिशीतला, नोकरी करणारा मुलगा! मी हसलो. तो म्हणाला, "मामा, हसू नकोस. तुझा हात स्थिर आहे, एक रंगवून बघ." मी रंगवला. तीन संध्याकाळी गेल्या. डोळे काढताना सगळा चेहरा बिघडला आणि मग मी पुरता अडकलो.

मिनिएचर म्हटले की आपल्याला पहाडी किंवा किशनगडची लघुचित्रे आठवतात. या छंदातले मिनिएचर म्हणजे पटावरच्या खेळासाठी ओतलेला, दोन-तीन सेंटिमीटर उंचीचा पुतळा. मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. वाणिज्य शाखा आणि सहकारी बँकेतली २७ वर्षे, एवढीच माझी विद्या. त्यामुळे या पुतळ्यांमागे लागलो तेव्हा पहिल्यांदा मोजमापेच घेतली, आणि त्या मोजमापांतच मला या इतिहासाचे सूत्र सापडले.

हिशेब सोपा आहे. २८ मिलिमीटरचा पुतळा माणसाच्या साधारण साठाव्या हिश्शाएवढा असतो. तो ६० सेंटिमीटरवर, म्हणजे दोन फुटांवर ठेवला तर डोळ्यांना तो ३६ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाएवढा दिसतो. म्हणजे पुतळ्याची उंची ठरली की आपण त्या माणसाकडे किती अंतरावरून पाहणार तेही ठरते. आणि अंतर ठरले की त्याला चेहरा असणार की नाही, हेही जवळपास ठरून जाते.

पाच किलोमीटरवरून

पटावरची लढाई आपल्याला नवी नाही. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही चतुरंग सेना पटावर आली, तिचेच पुढे बुद्धिबळ झाले. युरोपातल्या युद्धखेळाचा उगमही बुद्धिबळातच आहे. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हेलविग या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवला, घरांना रंग देऊन डोंगर-नद्या दाखवल्या आणि मोहऱ्यांत तोफखाना आणला. तरी चौकोनी घरे राहिलीच.

ती घरे मोडली प्रशियातल्या राइसविट्झ पितापुत्रांनी. वडिलांनी १८१२ मध्ये राजासाठी असा एक खेळ टेबलासकट तयार केला. मुलाने, जो तोफखान्यात अधिकारी होता, १८२४ मध्ये त्याचे नियम सुधारून छापले. खेळाचे नाव 'क्रीगश्पील', म्हणजे युद्धखेळ. खऱ्याखुऱ्या लष्करी नकाशावर तांबड्या आणि निळ्या ठोकळ्यांनी खेळायचे. एक डाव म्हणजे रणांगणावरची दोन मिनिटे. गोळीबाराचा परिणाम फाशांनी ठरवायचा आणि मध्ये एक पंच. खेळाडूंनी हुकूम पंचाला द्यायचे आणि त्यांना शत्रूचे जेवढे दिसू शकते तेवढेच पंचाने पटावर दाखवायचे. प्रशियाचे सरसेनाध्यक्ष म्युफलिंग यांनी हा खेळ पाहिला आणि करमणूक म्हणून नव्हे, अधिकाऱ्यांचे शिक्षण म्हणून त्याची लष्करी साप्ताहिकात जाहीर शिफारस केली. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवल्यावर इतर देशांच्या सैन्यांनीही असे खेळ उचलले.

या नकाशांचे प्रमाण होते १ : ८०००. टेबलाशी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला रणांगण जवळपास पाच किलोमीटरवरून दिसत होते. तेवढ्या अंतरावरून माणूस दिसत नाही, दिसते ती पलटण. म्हणून ठोकळा पुरेसा होता.

एकोणीस मीटरवरून

त्याच काळात न्यूरेंबर्गला शिपायांचा दुसराच वंश वाढत होता. १८व्या शतकाच्या उत्तरार्धात हिल्पर्ट नावाच्या कथिलकाराने पाटीच्या दगडात कोरलेल्या साच्यांतून चपटे शिपाई ओतायला सुरुवात केली. जाडी नाण्याएवढी. उठाव नाहीच म्हटले तरी चालेल, त्यामुळे सावली रंगानेच आणावी लागे. चपटे शिपाई रंगवणाऱ्यांची परंपरा आजही आहे आणि ती चित्रकलेला अधिक जवळची आहे.

पुढे गोल, भरीव शिपाई आले, पण ते महाग होते. १८९३ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन यांनी युक्ती काढली. शिशाचा रस साच्यात ओतायचा, साच्याला लागलेला थर गोठला की आतला पातळ रस ओतून द्यायचा. शिपाई पोकळ, हलका आणि स्वस्त. उंची ५४ मिलिमीटर. रंगकाम बायका करत, ठरावीक मजुरीवर. डोळ्यांचे दोन ठिपके, मिशीची रेघ, गालावर गुलाबी बोट आणि पुढचा शिपाई.

हे शिपाई घेऊन मोठी माणसे जमिनीवर पालथी झाली. 'ट्रेझर आयलंड'चा लेखक स्टीव्हन्सन दाव्होसला क्षयावर उपचार घेत असताना सावत्र मुलाबरोबर असे युद्ध खेळत असे. एच. जी. वेल्स यांनी तर १९१३ मध्ये त्याचे नियमांचे पुस्तकच काढले, 'लिटल वॉर्स'. घरातली फरशी हे रणांगण, पुस्तके आणि लाकडी ठोकळे ही घरे-टेकड्या, आणि ब्रिटन कंपनीची स्प्रिंगची तोफ, जिच्यातून लाकडी काडी उडवून शिपाई खरोखरच पाडता येत. ५४ मिलिमीटरचा शिपाई दोन फुटांवरून पाहिला तर तो १९ मीटरवरचा माणूस असतो. म्हणजे आपल्या वाड्याच्या अंगणात उभा असलेला. पुस्तकाच्या शेवटी वेल्स लिहितात त्याचा आशय असा, की ज्यांना युद्धाची खुमखुमी आहे त्यांना हे खेळण्यातले युद्ध द्यावे आणि खरे युद्ध बंद करावे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

ब्रिटनच्या यादीत हिंदी लष्करही होते. 'बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री', 'बॉम्बे लान्सर्स' अशा नावांचे संच निघत. मुंबई इलाख्याच्या या सैन्यात कोकण आणि देशावरची माणसे मोठ्या संख्येने होती. या शिपायांची छायाचित्रे मी पाहिली आहेत. गणवेशांत फरक केलेले आहेत, पण चेहऱ्याला सगळ्यांना एकच तपकिरी.

इथे घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझे पणजोबा खटाव तालुक्यातून ११७ व्या मराठा पलटणीत भरती झाले. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी जनरल टाउनशेंडच्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली. तिथून माघार घेऊन सैन्य कुट येथे वेढ्यात सापडले. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा वेढा चालला. अन्न संपले आणि सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. पणजोबा वेढ्यातच गेले. घरी आली ती काशाची एक चकती, १२ सेंटिमीटर व्यासाची. महायुद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी इंग्रज सरकार ती पाठवत असे. तिच्यावर ब्रिटानिया देवी आणि सिंह आहेत, आणि उठावाच्या अक्षरांत नाव. हुद्दा नाही, कारण मरणात सगळे सारखे असे धोरण होते. माझी आजी ती चकती कडधान्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवत असे. पणजोबांचे छायाचित्र नाही. ते कसे दिसत हे सांगणारे माणूसही आता कोणी नाही.

'लिटल वॉर्स'च्या परिशिष्टात एक नाव आहे, ते वाचून मी पुस्तक मिटवून बसलो होतो. खऱ्या लष्करी क्रीगश्पीलविषयी सल्ला दिल्याबद्दल वेल्स तिथे कर्नल मार्क साइक्स यांचे आभार मानतात. हेच साइक्स पुढे फ्रान्सच्या पिको यांच्याबरोबर नकाशावर रेघ ओढायला बसले. साइक्स-पिको करार मे १९१६ च्या मध्यावर झाला. कुट पडून तीन आठवडेही झाले नव्हते. बसरा-बगदादचा पट्टा इंग्रजांकडे, सिरियाचा किनारा फ्रेंचांकडे. पाच किलोमीटरवरून पाहण्याची सवय झालेल्या डोळ्यांना हे सोपे असावे, असे तेव्हा मनात आले. पुरावा म्हणून मी ते मांडत नाही.

एका माणसाचा खेळ

दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धखेळ हा हौशी मंडळींचा छंद झाला. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये छोटे ओतकाम करणारे उभे राहिले. रबराच्या गोल साच्यात धातूचा रस ओतून साचा गरगर फिरवायचा, म्हणजे रस कडेच्या पोकळ्यांत नीट भरतो. शिपाई ५४ वरून २५ मिलिमीटरवर आला. जेवणाच्या टेबलावर फौज मावायला हवी होती. एअरफिक्सने १९५९ पासून प्लॅस्टिकचे त्याहून छोटे शिपाई पेट्यांतून विकायला आणले आणि शाळकरी मुलांच्याही हाती सैन्य आले. त्या मऊ प्लॅस्टिकवरून रंगाचे पोपडे निघत, हा भाग वेगळा.

या खेळांत एक पुतळा म्हणजे एक माणूस नसतो. तो वीस माणसांचा, कधी तेहेतीस माणसांचा प्रतिनिधी असतो. वीस माणसे पडली की एक पुतळा उचलायचा. एकोणीस पडली तर पटावर काहीच घडत नाही.

हे गणित १९६९ मध्ये मिनेसोटात बदलायला लागले. डेव्हिड वेस्ली या तरुणाला ग्रंथालयात 'स्ट्रॅटेगोस' हे १८८० चे अमेरिकन लष्करी पुस्तक सापडले होते. ते क्रीगश्पीलच्याच कुळातले. त्यातला सर्वाधिकारी पंच त्याने उचलला आणि नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनश्टाइन या काल्पनिक गावाचा खेळ मांडला. पण प्रत्येक खेळाडूला फौज देण्याऐवजी एकेक माणूस दिला. कोणी नगराध्यक्ष, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू. खेळ विस्कटला, असे वेस्लीला वाटले. खेळणाऱ्यांना मात्र तो पुन्हा हवा होता. त्यांच्यातलाच एक डेव्ह आर्नेसन. विस्कॉन्सिनमध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये 'चेनमेल' हे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले होते. त्यात एकास वीस असे प्रमाण होते, पण एकास एक लढण्याचेही नियम होते, आणि शेवटी चेटके, राक्षस, ड्रॅगन यांचे एक प्रकरण होते. आर्नेसन आणि गायगॅक्स एकत्र आले आणि १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला. पहिल्या आवृत्तीच्या १००० प्रती होत्या.

आता पुतळा म्हणजे मीच. त्याला नाव, वय, स्वभाव, कर्ज. तो मेला की वीस माणसांचा हिशेब होत नाही, एक जण मरतो आणि खेळणारा घरी जाताना गप्प असतो. राक्षसांचे पुतळे तेव्हा मिळत नसत, म्हणून गायगॅक्सने स्वस्त दुकानातून हाँगकाँगी बनावटीचे प्लॅस्टिकचे विचित्र प्राणी आणले. त्यांतल्या काहींवरून खेळातले प्रसिद्ध राक्षस घडले. आधी खेळणे आणि मग त्याची दंतकथा, असा तो उलटा प्रवास.

इंग्लंडमध्ये गेम्स वर्कशॉपशी जोडलेल्या सिटाडेल कंपनीने असे पुतळे ओतायला घेतले. लोकांनी ते मोठ्या संख्येने घ्यावेत म्हणून १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा फौजांचा खेळ काढला आणि १९८७ मध्ये दूरच्या भविष्यातला 'वॉरहॅमर ४०,०००'. धंद्याची गरज म्हणून फौज परत आली, पण आता तिच्यातल्या प्रत्येकाला चेहरा होता आणि तो ज्याचा त्याने रंगवायचा होता. माझ्या भाच्याचा खोका या वंशातला.

डोळे काढावेत की नाही

रंगवण्याची रीत थोडक्यात सांगतो. पुतळ्यावर आधी काळा किंवा पांढरा अस्तराचा रंग फवारायचा. मग ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करून एकेका भागाला द्यायचा. कोरडा झाला की गडद, पाण्यासारखा रंग सगळीकडून सोडायचा. तो काजळासारखा खाचांत जाऊन बसतो आणि वस्त्राच्या चुण्या उठून दिसतात. त्यानंतर कुंचला फडक्यावर जवळजवळ कोरडा पुसून उंचवट्यांवरून फिरवायचा, म्हणजे फिकट रंग फक्त कडांना लागतो. कुंचला फार बारीक घेऊ नये. त्यात रंग राहत नाही, टोकावरच वाळतो. पोटाचा जाड आणि टोकाचा अणकुचीदार कुंचला घ्यावा. हे समजायला मला सहा महिने लागले.

खिडकीतल्या उजेडात खऱ्या माणसाच्या नाकाखाली सावली पडते. पुतळ्याचे नाक जेमतेम मिलिमीटरभर, त्याखालची सावली खोलीच्या पसरट उजेडात जाणवतच नाही. म्हणून ती रंगवायची. पुतळे घडवणारेही हात सैल सोडतात. मुंडके, हात आणि शस्त्रे प्रमाणापेक्षा मोठी करतात, कारण दुरून तेवढेच कळते. कुंभारवाड्यातले महाराजही किल्ल्याच्या दरवाजातून आत जाऊ शकत नाहीत. मोठेपणाचे प्रमाण तिथे वेगळ्या मापाने ठरलेले असते.

छंदातला जुना वाद डोळ्यांचा आहे. एक पक्ष म्हणतो, ३६ मीटरवरच्या माणसाचे डोळे आपल्याला दिसत नाहीत, तेव्हा खाचेत सावली सोडावी आणि थांबावे. दुसरा म्हणतो, डोळ्यांवाचून चेहरा नाही. डोळे काढायचे तर आधी खाचेत गडद रेघ, तिच्यावर मळकट पांढरी रेघ, आणि मधोमध उभा काळा फटकारा, जो वरच्या आणि खालच्या पापणीला टेकलाच पाहिजे. टेकला नाही तर शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसतो. माझे पहिले अकरा शिपाई तसेच आहेत.

पहिला पक्ष हिशेबाने बरोबर आहे, हे मला मान्य आहे. तरी मी दुसऱ्या पक्षात गेलो. पुतळा टेबलावर ३६ मीटर दूर असतो. रंगवताना तो माझ्या चष्म्यापासून वीतभर अंतरावर असतो. हिशेब केला तर बारा-पंधरा मीटर. तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो.

एक चूक

संग्राहक आणि खेळाडू या दोन वेगळ्या जाती आहेत. खेळाडूकडे न रंगवलेल्या पुतळ्यांचा ढीग असतो, जो आयुष्यभरात संपणार नाही हे त्याला माहीत असते. संग्राहकाला जुना, कारखान्याचाच रंग असलेला शिपाई हवा असतो. हा फरक मला उशिरा कळला. जुन्या बाजारात मला पाच पोकळ शिपाई मिळाले. रंग उडालेले, एकाची संगीन मोडलेली. घरी आणून मी त्यांतल्या एकाचा जुना रंग काढला आणि नवा, सावल्यांसह सुंदर दिला. मग वाचनात आले की असे करताच त्याची संग्राहकाच्या लेखी किंमत संपते. किमतीचे दुःख नव्हते. पण शंभर वर्षांपूर्वी लंडनमधल्या कुठल्याशा बाईने घाईत दिलेले डोळ्यांचे दोन ठिपके मी पुसून टाकले होते. तिचेही नाव कुठे नोंदलेले नाही. उरलेले चार मी तसेच ठेवले. शिशाला लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने पांढरी भुकटी सुटते, म्हणून ते लाकडी कपाटात नव्हे, पत्र्याच्या डब्यात आहेत. हाताळले की हात धुतो.

किल्ल्याच्या पायथ्याशी

पहिल्या महायुद्धातले हिंदी शिपाई २८ मिलिमीटरमध्ये मिळतात. गेल्या वर्षी भाच्याने मला असा एक आणून दिला. खाकी, पट्ट्या गुंडाळलेले पाय, खांद्याला रायफल. चेहऱ्याच्या रंगावर मी चार दिवस घालवले. पूर्वी 'त्वचा' असे लिहिलेल्या बाटलीत गुलाबी रंग असायचा. आता तपकिरी मिळतात, पण मला एकच तपकिरी नको होता. माझ्या वडिलांचा रंग माझ्यासारखाच होता, आजोबांचाही, असे आत्या सांगते. म्हणून डावा हात खिडकीशी धरून त्यावर रंग जुळवला. मिशी ठेवली नाही. ठेवावी की नाही हे ठरवायला काही आधारच नव्हता. डोळे काढले. या वेळी पापण्यांना टेकले.

भाचा म्हणाला, त्यांच्या गटात कुटच्या मोहिमेचा खेळ मांडायचा विचार आहे, याला घेऊन जाऊ का? त्याच्या नियमांत एक पुतळा म्हणजे तेहेतीस माणसे. मी नको म्हणालो. तो समजला.

दिवाळीत आमच्या गल्लीतली मुले किल्ला करतात. हळीव पेरून हिरवळ आणतात, वर महाराज, बुरुजांवर मावळे. मोहरा तेवढा एकाच बाजूचा, समोर शत्रूची फौज नसते, फासे नसतात, कोणी मरत नाही. मी शिपाई घेऊन गेलो. मावळ्यांच्या गुडघ्याएवढाही नव्हता. चौथीतली एक मुलगी तो हातात घेऊन, अगदी नाकाशी नेऊन बघत होती.

"काका, हा कोण?"

मी नाव सांगितले. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, चकतीवर आहे तसे.

"बंदूक कोणाची आहे त्याच्याकडे? आपली?"

"नाही. इंग्रजांची."

तिला ते पटले नाही. महाराजांच्या किल्ल्यावर इंग्रजांची बंदूक कशी चालेल, यावर मुलांची बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाला, ठेवू नका. मी पुतळा परत घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात त्या मुलीने तोडगा काढला. त्याला वर न चढवता पायथ्याशी, तळ्याकाठी, विहिरीवरच्या बाईशेजारी उभे केले.

"लांबून आलाय ना," ती म्हणाली, "आधी पाणी पिऊ दे."